पॉइंटांवर पाहिलेला समुद्र

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत जो भेटतो तो हल्ली मला एकच विचारतो, “काय वैनी, फुकटात समुद्र बघून आलासा म्हणं?” पहिल्या दोघांना मी हसून उत्तर दिलं. तिसऱ्याला दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून सगळं एकदाच सांगून टाकते. कार्डाच्या पॉइंटांवर घरच्यांना घेऊन सहलीला जायचा ज्यांचा विचार आहे त्यांनी हे वाचावं आणि मग खुशाल जावं. मला मात्र फुकट हा शब्द पुन्हा ऐकवू नये.

पेठेतली तयारी

आमच्या ह्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दोनेक वर्षांपूर्वी एका बँकेचा माणूस दुकानात आला, ह्यांच्या गळ्यात एक क्रेडिट कार्ड मारून गेला आणि जाताना कानात सांगून गेला की जेवढा खर्च तेवढे पॉइंट, आणि पॉइंट साठले की हॉटेलात राहणं फुकट. त्या दिवसापासून आमच्या घरातला माणूस बदलला. शेजारी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं की हे आधी त्यांच्या दारात. “रोख मला द्या, कार्डावर मी भरतो.” तालमीच्या फुटबॉल संघाचे बूट, चुलतभावाच्या लग्नाचा मांडव, समोरच्या काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं बिल, सगळं आमच्या कार्डावर. काकूंच्या डोळ्याची पट्टी सुटायच्या आधी ह्यांनी मोबाईलवर पॉइंट जमा झाल्याचं बघून घेतलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात आज दोन मिक्सर आहेत, कारण दुसऱ्यावर दुप्पट पॉइंट होते. दोन्हींत चटणी एकच होते.

माझी रीत वेगळी. मी घरी ब्लाउज शिवते. शिलाईतले थोडे पैसे दर आठवड्याला एका स्टीलच्या डब्यात टाकते, आणि डबा जेवढा भरेल तेवढीच सहल. कमी भरला तर जोतिबा, बरा भरला तर गणपतीपुळे. आल्यावर कुणाचं देणं नाही, झोप शांत. ह्यांनी त्या डब्याला कायम नावं ठेवली. “तुझं बजेट म्हंजे बाजारला निघाल्याल्या म्हातारीचं गठुडं,” म्हणायचे.

तरी ह्या वेळी पॉइंटांवरच्या गोव्याच्या सहलीला मी हो म्हटलं, ते आक्कांसाठी. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राधानगरीच्या रस्त्याला आमचं गाव, तिथे त्या आणि थोरले दीर भात, ऊस आणि चार म्हशी सांभाळून आहेत. सासूबाई लवकर गेल्या तेव्हा हे शाळेत जात होते. आक्कांच्या हातची भाकरी खाऊन हा माणूस एवढा मोठा झाला. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आक्का म्हशी शेजारणीवर टाकून माझ्या उशाशी येऊन बसल्या होत्या. एरवी त्यांना सवड कुठली? सकाळी धार, संध्याकाळी धार, दोन्ही वेळेला डेअरीत दूध. म्हशीला रविवार कळत नाही.

दिवाळीनंतर भात झोडून झालं होतं, थंडी पडायला लागली होती. मी आक्कांना फोनवर विचारलं, “तुम्हाला तिथं काय काय बघायचंय?”

आक्का फोनवरसुद्धा बांधावरनं हाक मारावी तशा बोलतात. म्हणाल्या, “बघायचं काय न्हाय गं. चार दिस कुणीतरी आयतं आणून दिल्यालं बसून खायचं. सकाळचा च्या बी दुसऱ्यानं केल्याला. एवढंच बास.”

“चार दिवस तुम्ही पावणं,” मी म्हटलं. “कशालाही हात लावायचा नाही.”

“बगू तर कसं असतंय पावणं हून,” असं म्हणून त्या केवढ्यांदा तरी हसल्या.

हॉटेलचं नक्की करायचा फोन ह्यांनी माझ्यासमोर केला. मी भाकरी थापत होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारत होती, “सर, आपके साथ कोई एक्स्ट्रा गेस्ट?”

ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, “गेस्ट-बिस्ट कोई नहीं. सब घर का आदमी है.”

मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, आणि खरं सांगते, आजही वाटत नाही. आमच्याकडे रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या माणसाला पावणं म्हणतात. ज्या वहिनीच्या ताटात जेवून मोठं झालो तिला पाहुणी म्हणणं म्हणजे तिला घराबाहेर काढणं. हे तेवढंच बोलले. तिकडे त्या मुलीने दोन माणसं लिहून घेतली आणि फोन ठेवला.

गगनबावड्याच्या वाटेवर

म्हशी थोरल्या दिरांवर टाकून आक्का आदल्या रात्रीच आमच्याकडे आल्या होत्या. निघालो पहाटे, आमच्या जुन्या गाडीतून. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही. कोल्हापुरातून निघतानाच गाडीत पेट्रोल कमी होतं. पहिला पंप आला, ह्यांनी सोडला. दुसरा आला, तोही सोडला. कारण काय, तर कार्डाला दुप्पट पॉइंट देणारा पंप एका ठरावीक कंपनीचाच, आणि तो पुढे आहे असं मोबाईल सांगत होता. मोबाईल सांगत होता तिथे एक बंद शेड आणि त्यात बसलेलं कुत्रं निघालं. गगनबावडा चार-पाच किलोमीटरवर असताना गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. भोवती धुकं एवढं, की बॉनेट उघडून उभे राहिलेले हे मला काचेतून धड दिसत नव्हते. दिसत नव्हते तेच बरं होतं.

मी तोंड उघडायच्या आत आक्का खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. धुक्यातून एक मोटरसायकलवाला आला, मागे दुधाच्या किटल्या बांधलेल्या.

“काय झालं, पावणं?” त्याने विचारलं.

“आमच्या भावजींला पॉइंट पायजेत, म्हणून गाडी उपाशी हाय,” आक्का म्हणाल्या. “तुझी म्हस किती लिटर देती?”

पुढच्या दहा मिनिटांत आक्कांनी त्याचं गाव, त्याच्या सासुरवाडीचं गाव आणि त्याच्या म्हशीच्या कासेचं दुखणं एवढं सगळं काढून घेतलं आणि दुखण्यावर औषधही सांगितलं. त्याने नळी लावून आपल्या गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून दिलं. ह्यांनी पैसे पुढे केले तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की. म्हातारीनं औषाध दिलंय न्हवं.”

“म्हातारी कुणाला म्हणतोस रं?” आक्का धुक्यात गरजल्या, आणि तो हसत हसत निघून गेला.

हा प्रसंग मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आक्का कशा आहेत, आवाज कसा आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

करूळचा घाट उतरून खाली कोकणात शिरलो तसं धुकं सरलं. एका खानावळीत जेवलो. सुरमई, भात आणि सोलकढी. आक्कांनी माशाची आमटी चाखली, नारळाच्या रसाकडे संशयाने बघितलं आणि वाढणाऱ्या बाईंना सरळ विचारलं, “ह्यात तिखट घालायचं इसरलासा व्हय?” त्या बाई कोकणातल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आतून हिरव्या मिरच्या आणून ठेवल्या आणि न विचारता सोलकढीची वाटी पुन्हा भरली. आक्का तृप्त होऊन म्हणाल्या, “आयतं खायाला गोड लागतंय गं.” मला वाटलं, झाली सहल सुफळ.

गोवा, हॉटेलचा दरवाजा

हॉटेल समुद्राला लागून, नारळाची झाडं, दारात पाण्याचं कारंजं. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला कसलं तरी हिरवं सरबत दिलं, दोन ग्लास. मग कॉम्प्युटरमध्ये बघून ती ह्यांना म्हणाली, “सर, बुकिंग दो लोगों की है. ये मैडम एक्स्ट्रा हैं.”

आक्कांचा चेहरा एकदम उजळला. त्याचं कारण कोल्हापूरकरांना सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगते. आमच्याकडे मिसळ खायला बसलं की वाढपी तर्रीदार कटाचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरतो आणि “एक्स्ट्रा, एक्स्ट्रा” ओरडतो. ताटलीतला रस्सा संपला की वरून ओततो. त्याचे पैसे नसतात, आणि कुणी विचारतही नाही. आक्का औषधाला नाहीतर बियाण्याला कोल्हापूरला आल्या की मिसळ खाऊनच जातात. इंग्रजीतला हा एक शब्द त्यांना पक्का माहीत आहे.

मला कोपराने ढोसत त्या म्हणाल्या, “ऐकलंस व्हय, नंदा? मी एक्स्ट्रा! म्हंजे माझं पैसंच न्हाईत की!”

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. ती मुलगी हसली नाही. तिने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवला. एक्स्ट्रा माणसाचे रोजचे इतके, एक्स्ट्रा गादीचे इतके, त्यावर कर. शिवाय फुकटच्या खोलीवरचा करही आमच्याच बोडक्यावर, कारण पॉइंटांत कर बसत नाही.

“पॉइंट से काट लो ना,” हे म्हणाले.

“पॉइंट्स सिर्फ रूम के लिए, सर. एक्स्ट्रा का चार्ज लगेगा.”

चार्ज हा शब्द आक्कांना कळला. मोबाईलला चार्ज लागतो तो नव्हे, हा दुसरा, हेही कळलं. माझ्या कोपराला लागलेलं त्यांचं कोपर बाजूला झालं.

आता माझे हे. तालमीच्या मैदानात पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस. तो काउंटरवर वाकून बारीक आवाजात हिंदी-इंग्रजी बोलायला लागला. मी म्हणाले, “ही बाई ह्यांची आई आहे असं समजा, एक्स्ट्रा कशी?” तर मलाच म्हणतात, “आगं हळू, लोकं बघाल्यात.” लोकं बघाल्यात! कोल्हापुरात ह्या माणसाला कधी लोकं दिसली नव्हती.

शेवटी माझा डबा पिशवीतून निघाला. म्हातारीचं गठुडं. फुकटच्या खोलीचं दार माझ्या शिलाईच्या पैशांनी उघडलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला मी रोख मोजून दिला. ह्यांना वाईट वाटलं, पण त्यात एक वाईट असंही वाटलं की रोखीवर पॉइंट पडत नाहीत. ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

पहिली सकाळ

जाग आली ती कपाच्या आवाजाने. उठून बघते तर आक्का माझ्या उशाशी चहाचा कप घेऊन उभ्या.

खोलीत पाणी तापवायची किटली होती. शेजारी दुधाच्या पावडरीच्या पुड्या, साखर, आणि दोन कप. आक्का नेहमीच्या धारेच्या वेळेला उठल्या, किटलीचं बटण शोधलं आणि आम्हा दोघांचा चहा केला. स्वतःसाठी बाथरूममधला दात घासायचा ग्लास धुऊन घेतला होता. त्यात त्या चहा पीत होत्या, गादीच्या कडेला बसून.

“आक्का, हे काय?” मी ओरडलेच.

“वरडू नगंस. कप दोनच हाईत. दोन मानसांचीच खोली न्हवं ही.”

हे पांघरुणातून हात काढत म्हणाले, “बघ, वैनीला बसून ऱ्हावतच न्हाय.” आणि भुरका मारला. मी त्या वेळी त्यांना जे बोलले ते भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू गेलं असेल. गेलं तर गेलं. ज्या बाईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली, दुसऱ्याने केलेला सकाळचा चहा, तिनेच आम्हाला चहा करून दिला होता आणि तोही पावडरीच्या दुधाचा. चार म्हशींची मालकीण ती!

नाश्त्याला खाली गेलो. लांबलचक टेबलांवर इडली, पोहे, ब्रेड, फळं, काय नाही ते. आक्कांनी बशीत दोन इडल्या घेतल्या, पोहे घेतले, कलिंगडाची फोड घेतली. खुर्चीवर बसल्या तोच एक वेटर आला. त्याने वाकून ह्यांच्या कानात सांगितलं की नाश्ता दोघांचाच धरलेला आहे, मॅडमचा वेगळा लावू का. सभ्य माणूस, बिचारा नोकरी करत होता. पण आक्का काय बहिऱ्या आहेत? बोटाने कुणाकडे दाखवलं ते त्यांना दिसलं. त्यांनी बशी दोन्ही हातांनी हळूच टेबलाच्या मधोमध सरकवली.

“मला भूक न्हाय,” आक्का म्हणाल्या. एवढ्या हळू, की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

समोर आलेलं अन्न आक्कांनी परत सारलेलं मी कधी बघितलं नव्हतं. गावाकडे त्यांच्या दारात भर उन्हात मीटर बघायला आलेला माणूससुद्धा भाकरी खाऊनच जातो. कोण, कुठला, यादीत नाव आहे का, असं त्यांनी कुणाला विचारलेलं नाही. मी पैसे त्या वेटरच्या हातात दिले, बशी उचलून आक्कांपुढे ठेवली आणि म्हणाले, “खा.” त्यांनी खाल्लं. इडली चमच्याने खाल्ली, आवाज न करता, मान खाली घालून.

समुद्र

समुद्र चांगला आहे. त्याच्यावर माझा राग नाही. संध्याकाळी आक्का लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, लाट आली की मागे सरायच्या, परत पुढे जायच्या. “एवढं पाणी, आन एक म्हस न्हाय,” म्हणाल्या. तेवढं एक वाक्य त्यांच्या जुन्या आवाजात आलं. मला वाटलं, आल्या आक्का परत.

बाहेर आल्यावर वाळूत हॉटेलच्या लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. मी म्हटलं, “बसा.” आक्का उभ्याच. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ह्यांना विचारलं, “भावजी, हिचं किती?”

“हिचं काय न्हाय, वैनी. बस की.”

“इचारून या.”

हे विचारून आले. खुर्ची खरोखरच फुकट होती. पण तोवर आक्का वाळूत बसल्या होत्या आणि मग उठल्या नाहीत. त्यानंतर शहाळं आलं, किती? खोलीत पाण्याची बाटली ठेवलेली, हिचं किती? लिफ्टच्या दाराशीसुद्धा क्षणभर थांबल्या. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप. जत्रेत पाळण्यावाल्याशी हमरीतुमरीवर येणारी बाई, तिला दीड दिवसात ह्यांनी कोपऱ्यात बसायला शिकवलं. हॉटेलवाल्यांना तरी किती बोलू? त्यांच्या कॉम्प्युटरला घरचं माणूस हा रकाना नाही. राग मला ह्यांचाच आला, की ज्या तोंडाने फोनवर “सब घर का आदमी” म्हणालात त्या तोंडाला काउंटरवर कुलूप का लागलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “नंदा, उद्याच जाऊया का? माझं रोजचं लई पडाय लागलंय. तेवढं वाचंल.”

निघालो. उरलेल्या रात्रीचे पॉइंट परत मिळत नाहीत असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदाच पॉइंटांचा हिशेब सोडून बॅगा उचलल्या.

पुन्हा कोल्हापूर

घाट चढून गगनबावड्यावरून आलो. ह्यांनी पहिल्याच पंपावर टाकी भरली, रोख पैसे देऊन. माझ्याकडे बघत होते. मी बघितलं नाही.

कोल्हापुरात शिरल्यावर गावाकडे जायच्या आधी मीच म्हटलं, मिसळ खाऊया. आक्कांचं नेहमीचं दुकान. तोच धूर, तीच गर्दी, तोच आरडाओरडा. ब्रेडच्या स्लाइस आल्या, मिसळ आली, आक्कांनी फरसाण कालवलं, चार घास खाल्ले. कपाळावर घाम आला. रस्सा आटला तसा वाढपी आला, एका हातात कटाचं भांडं, दुसऱ्या हातात पळी.

“घ्या की एक्स्ट्रा, पावणं!”

आक्कांनी ताटलीवर हात धरला. मान वर करून त्यांनी हळूच विचारलं, “एक्स्ट्राचं किती?”

वाढप्याची पळी हवेतच राहिली. आधी त्याला चेष्टा वाटली. मग त्याने आक्कांचं लुगडं बघितलं, कपाळावरचं कुंकू बघितलं, आणि म्हणाला, “पावणं, कोल्हापूरचं न्हवं व्हय तुम्ही?”

आक्कांचा हात ताटलीवरच होता. ह्यांच्या हातातली ब्रेडची स्लाइस मिसळीत बुडून विरघळली तरी ह्यांना कळलं नाही. मी आक्कांचा हात ताटलीवरून उचलला, तो माझ्या हातात धरून ठेवला आणि वाढप्याला म्हणाले, “ओत बाबा. भरपूर ओत.” मग ह्यांच्याकडे वळले. “लावा आता त्या तुमच्या हॉटेलातल्या मुलीला फोन. विचारा, ह्या बाईला पुन्हा एक्स्ट्रा म्हणजे फुकट वाटायला किती पॉइंट लागतात? तेवढे गोळा करा. सगळ्या पेठेची बिलं भरा त्यासाठी.”

“गप खा गं,” आक्का म्हणाल्या. “निवाय लागलंय.”

वाढपी पुन्हा दोनदा आला. आक्कांनी दोन्ही वेळा कट घेतला. पण घेण्याआधी दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीत अजून पैसे आहेत ना, अशा नजरेने.